नागपुरात बसून परदेशी वेबसाइट सांभाळायच्या, तर घर चालतं का?

प्रताप नगरच्या एका तरुणाचा प्रश्न आहे: "वय २५. आईबाबांसोबत राहतो. इंजिनिअरिंगनंतर दीड वर्ष झालं. कॅनडातला एक आणि इंग्लंडमधला एक अशा दोन ग्राहकांच्या वेबसाइट बघतो. माझ्या स्वतःच्या एका इंग्रजी साइटवर जाहिरातींचेही थोडे पैसे येतात. महिन्याला सरासरी ४०० डॉलर पडतात, पण कधी ७०० तर कधी १५०. घरचे म्हणतात, पुण्याला नोकरी बघ. या कामावर घर चालेल का? पैसे कसे घ्यायचे, कर कसा भरायचा?"

घर चालतं. मी २००६ च्या दिवाळीनंतर हे काम धरलं आणि तेव्हापासून आमचं घर मुख्यतः याच पैशावर चाललंय. पण तुमच्या प्रश्नात मला ४०० चा आकडा खटकला नाही, दीडशे आणि सातशे हे दोन खटकले. चारशे डॉलर दर महिन्याला नेमाने आले, तर घरी राहणारा मुलगा नागपुरात त्यावर पाय रोवू शकतो. दीडशे-सातशेच्या हेलकाव्यात मात्र गाडीचा हप्ताही ठरवता येत नाही आणि आईच्या हातात दर महिन्याला एवढे देईन असंही सांगता येत नाही. म्हणून कर आणि बँक याआधी पैसा कुठून येतो ते बघू.

या धंद्यात पैसा तीन वाटांनी येतो: नवी साइट बांधून, असलेल्या साइटची देखभाल करून आणि स्वतःच्या साइटवरच्या जाहिरातींतून. आपल्याकडे कूलर विकणारा मार्च ते मे कमावतो. पण ताट्या बदलणारा, पंप बघणारा, मोटरला तेलपाणी करणारा जो माणूस आहे, त्याची घरं ठरलेली असतात. आमच्याकडे येणारे काका अठरा वर्षं तेच आहेत, वर्षाचा भाव ठरलेला आहे, आणि आम्ही दुसऱ्या कुणाला विचारतसुद्धा नाही. वेबमास्टरचं पोट या दुसऱ्या प्रकारच्या कामावर भरतं.

माझी सुरुवात मात्र जाहिरातींपासून झाली. पाककृतींची एक आणि प्रवासाची एक अशा दोन इंग्रजी साइट होत्या. त्या काळी गूगल अ‍ॅडसेन्सचे शंभर डॉलर जमले की चेक पोस्टाने घरी यायचा. पहिला चेक घेऊन मी बँकेत गेले, तेव्हा खिडकीवरच्या गृहस्थांनी तो उलटसुलट करून पाहिला, आत साहेबांकडे नेला आणि परत येऊन विचारलं, "मॅडम, हे कशाचे पैसे?" वेबसाइटवरच्या जाहिरातींचे, असं मी सांगितलं. ते पुन्हा आत गेले. पैसे खात्यात पडायला सहा आठवडे लागले, आणि त्या सहा आठवड्यांत मी शाखेत चार चकरा मारल्या. तरी मला आनंद होता, कारण दर महिन्याला आकडा वाढत होता. मग फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने शोधाच्या पद्धतीत पांडा नावाचा बदल अमेरिकेत आणला आणि एप्रिलमध्ये तो इंग्रजीसाठी जगभर लागू झाला. माझ्या प्रवासाच्या साइटवर येणारी माणसं तीन आठवड्यांत निम्म्याहून कमी झाली. मी त्या महिन्यात काहीच बदललं नव्हतं. कुणाला फोन करायचा, कुणाकडे दाद मागायची, काही सोय नव्हती. आता तर २०२४ पासून शोधाच्या पानावर सगळ्यात वर यंत्राने लिहिलेलं उत्तर दिसतं आणि माणूस साइटवर न येताच परत जातो. जाहिरातींचा पैसा येऊ द्या, पण घरखर्चात धरू नका. तो वेगळ्या खात्यात टाका आणि नसलाच असं समजून महिना मांडा.

नव्या साइटचं काम भरपूर पैसे देतं आणि मग संपतं. तुमचा सातशेचा महिना त्यातूनच येत असणार. ते काम घ्याच, पण प्रत्येक नव्या साइटच्या दरपत्रकात पहिल्या दिवसापासून देखभालीची ओळ लिहा. काम झाल्यावर देखभालीचं विचारलं की ग्राहकाला तो वाढीव खर्च वाटतो.

देखभालीत नेमकं काय विकायचं, इथे बहुतेक नवी मुलं अडखळतात. "प्लगिन (साइटला जोडलेले छोटे प्रोग्राम) अपडेट करीन" एवढंच म्हटलं, तर ग्राहक म्हणतो, ते तर आपोआप होतं. माझ्या इंग्लंडमधल्या एका दंतवैद्यांचं उदाहरण सांगते. दर सोमवारी सकाळी साडेपाचला, म्हणजे त्यांच्याकडे मध्यरात्र असते तेव्हा, मी त्यांची साइट उघडते. आधी तिच्या चाचणीच्या प्रतीवर अपडेट चढवते, पानं बघते, मग खऱ्या साइटवर. त्यानंतर चौकशीचा फॉर्म स्वतःच्या हाताने भरते, नावाच्या जागी "सोमवारची तपासणी" असं त्यांच्या भाषेत लिहिते, आणि ती मेल त्यांच्या पेटीत पोचली का ते पाहते. डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, मुदत आणि सुरक्षा प्रमाणपत्राची तारीख बघते. तीन महिन्यांतून एकदा बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर उतरवून साइट खरोखर उभी राहते का तेही करून पाहते, कारण उतरवून न पाहिलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही.

फॉर्म भरायची सवय मला एका चुकीतून लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये जीमेल आणि याहूने मेल पाठवणाऱ्यांसाठी ओळख पटवण्याचे नियम कडक केले. मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरोखर त्याच नावाने आली हे दाखवणाऱ्या, तिन्ही नोंदी सक्तीच्या झाल्या, आणि त्या धामधुमीत छोट्यांच्या अर्धवट नोंदीही उघड्या पडल्या. माझ्या एका ग्राहकाच्या फॉर्मच्या मेल अकरा दिवस स्पॅममध्ये जात होत्या. मी तोवर फक्त पान उघडतं का एवढंच बघत होते, आणि पान व्यवस्थित उघडत होतं. त्या अकरा दिवसांतल्या चौकश्या बुडाल्या. मी त्या महिन्याचे पैसे घेतले नाहीत, सगळ्या ग्राहकांच्या डीएनएस नोंदी (जिथे या तिन्ही लिहिलेल्या असतात) दोन रात्रींत तपासल्या आणि प्रत्येकाला काय सापडलं ते लिहून कळवलं. पाच जणांकडे दुरुस्ती निघाली. तेव्हापासून ग्राहक माझ्याकडे प्लगिनसाठी येत नाहीत. त्यांचा फॉर्म चालू आहे हे नेमाने बघणारं कुणीतरी हवं, म्हणून येतात.

युरोपातले कायदेही आपल्याला काम देतात, ते डोळ्यांत तेल घालून वाचा. २५ मे २०१८ ला जीडीपीआर, म्हणजे लोकांच्या खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा, लागू झाला, तेव्हा छोट्या दुकानदारांना कुकीच्या सूचनेपासून फॉर्ममधल्या माहितीपर्यंत सगळं नव्याने लावून हवं होतं. २८ जून २०२५ पासून युरोपियन युनियनमध्ये अपंग व्यक्तींना वापरता येतील अशा डिजिटल सेवांचा कायदा लागू आहे. ऑनलाइन विक्री त्यात येते. दृष्टिहीन माणसाच्या स्क्रीन-रीडरवर खरेदीचं पान कसं ऐकू येतं हे एकदा डोळे मिटून ऐका. पुढच्या वर्षभराची कामं त्यातूनच सुचतील, आणि ती कामं चांगलीही आहेत.

आता भावाचं. तुमच्या पिढीने रुपया घसरतानाच पाहिलाय, २०२५ च्या डिसेंबरात डॉलर नव्वदच्या वर गेला, त्यामुळे "डॉलर घेतला म्हणजे पगारवाढ आपोआप" असं वाटतं. माझं पहिलं पूर्ण वर्ष २००७ होतं. वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला सुमारे ४४ रुपये मिळायचे, वर्षअखेर ३९-४० वर आले. काम तेवढंच, डॉलर तेवढेच, आणि घरात येणारे पैसे दहा-अकरा टक्क्यांनी कमी. पौंडाचंही तसंच. जून २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपियन युनियन सोडायचा कौल दिला, त्याआधी पौंड शंभराच्या आसपास होता, ऑक्टोबरात ८२ च्या आसपास. तुमचा एक ग्राहक तिकडचाच आहे, म्हणून सांगते. मी घरखर्च नेहमी मागच्या बारा महिन्यांतल्या सगळ्यात कमी भावाने मांडते. वरचा फरक राखीव खात्यात जातो, आणि त्या खात्यात सहा महिन्यांचा खर्च जमेपर्यंत मी नवीन मोबाइलसुद्धा घेतला नव्हता.

पैसे हातात येताना कुठे गळतात, ते कागदावर मांडून बघा. समजा तुम्ही ६०० डॉलरचं बिल केलं आणि बाजारात भाव ८८ आहे. मनात हिशोब होतो ५२,८०० रुपयांचा. स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या परदेशी पैसे पाठवायच्या व्यवस्थेने, पैसे निघाले, मधल्या बँकेने २० डॉलर कापले, आपल्या बँकेने ८६.५० चा भाव लावला. हातात आले ५०,१७० रुपये. चलन बदलण्याच्या सेवेवरचा सुमारे ९० रुपये जीएसटी वेगळा, बँकेचा स्वतःचा आकार आणखी वेगळा. म्हणजे पाच टक्के वाटेतच गेले. यातला भावातल्या फरकाचा तुकडा रकमेबरोबर वाढत जातो आणि तो पावतीवर "शुल्क" म्हणून दिसत नाही. म्हणून शाखेत जाऊन परकीय चलनाच्या टेबलावर विचारा की टीटी खरेदीचा भाव (खात्यात आलेलं परकीय चलन बँक ज्या भावाने घेते तो) कोणता लावता, आणि त्यात सवलत मिळते का. नियमित रक्कम येत असेल तर मिळते, पण मागावी लागते. ग्राहकाला पाठवताना "सगळे शुल्क पाठवणाऱ्याकडे" हा पर्याय निवडायला सांगता येतं. छोट्या रकमा चार वेळा घेण्यापेक्षा तीन महिन्यांचं बिल एकदम करा. परदेशात स्थानिक खातं देऊन पैसे गोळा करणाऱ्या सेवा आज बऱ्याच आहेत, वाइज आणि पेओनियर त्यातल्याच. छोट्या रकमांना त्या अनेकदा स्विफ्टपेक्षा स्वस्त पडतात.

पण वाट एकच ठेवू नका. फेब्रुवारी २०१० मध्ये पेपालने, म्हणजे इंटरनेटवरून पैसे पाठवायच्या सेवेने, भारतातली खासगी देवाणघेवाण अचानक थांबवली. मार्च २०११ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे एका व्यवहाराला ५०० डॉलरची मर्यादा आली. ती पुढे ३,००० आणि २०१३ मध्ये १०,००० झाली. त्या दिवसांत ज्यांची सगळी बिलं एकाच वाटेने यायची, त्यांचे महिने कोरडे गेले. तेव्हापासून माझ्या बिलावर पैसे पाठवायच्या दोन वाटा छापलेल्या असतात.

पैसे आले की त्यांचा कागद आलाच पाहिजे. बँक किंवा सेवा देणारी संस्था परकीय रक्कम आल्याचं पत्र देते, त्याला एफआयआरसी किंवा एफआयआरए म्हणतात. बँक विचारते तो हेतूचा संकेतांक नीट सांगा: सॉफ्टवेअर सल्ला आणि अंमलबजावणीसाठी पी०८०२, जाहिरातीच्या उत्पन्नासाठी पी१००७. घाईत "कुटुंबाचा खर्च" असा संकेतांक लावून घेतलात, तर पुढे हे निर्यातीचे पैसे आहेत हे पटवताना त्रास होतो. बिल, करार आणि हे पत्र, तिन्ही एकाच फोल्डरमध्ये, महिन्याच्या नावाने. प्रोप्रायटरच्या नावाने चालू खातं उघडा. त्यासाठी बँक बहुधा गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापना कायद्याखालची नोंद, मागते. एकट्याने काम करणाऱ्याला महाराष्ट्रात आता फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, मोफत आहे, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

कराच्या बाबतीत सगळ्यात धोकादायक गोष्ट ही की परदेशी ग्राहक पैसे देताना कर (टीडीएस) कापत नाही. त्यामुळे आयकर खात्याच्या, २६एएस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, करकपातीच्या तक्त्यात तुमचं काहीच दिसत नाही आणि मुलांना वाटतं, कुणाला कळतंय. बँकेला कळतं, आणि बँकेकडून पुढे कळतं. शिवाय उद्या घराचं कर्ज घ्यायला गेलात की बँक तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. मी पहिली दोन वर्षं करपात्र उत्पन्न नाही म्हणून विवरणपत्र भरलं नाही, आणि मानेवाड्याच्या फ्लॅटचं कर्ज त्यापायी दोन वर्षं लांबलं. तेवढ्यात फ्लॅटचे भाव वाढले.

आपल्यासारख्यांसाठी अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. १९६१ च्या कायद्यात ती कलम ४४एडीए मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात क्रमांक बदलला, पद्धत तीच राहिली. व्यवसायाची एकूण जमा ७५ लाखांपर्यंत असेल आणि रोखीचा भाग पाच टक्क्यांच्या आत असेल, तर निदान निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवायची, वह्या ठेवायची सक्ती नाही. खरं उत्पन्न जास्त असेल तर जास्त दाखवा. माहिती तंत्रज्ञान हा त्यासाठी मान्य व्यवसाय आहे, पण स्वतःच्या साइटवरच्या जाहिरातींचं उत्पन्न त्याच डब्यात बसतं की धंद्याच्या, हे सीएला कागद दाखवून ठरवा. या पद्धतीत आगाऊ कर चार हप्त्यांऐवजी एकदाच, १५ मार्चपर्यंत भरायचा असतो. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सवलतीमुळे कर लागत नाही, त्यामुळे तुम्हाला आज भरायला काही नसेल. विवरणपत्र तरी भराच. व्यवसाय कराची नोंदणी करून वर्षाचे २,५०० रुपये भरायचे, तेही विसरू नका.

जीएसटीची नोंदणी वर्षाची जमा २० लाखांवर गेली की लागते. सेवेची निर्यात शून्य दराची आहे, म्हणजे परदेशी ग्राहकाकडून कर घ्यायचा नाही, पण त्यासाठी दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला हमीपत्र, म्हणजे एलयूटी, भरावं लागतं. ते विसरलात तर आधी कर भरून मग परतावा मागत बसावं लागतं. नोंदणी झाल्यावर परदेशी होस्टिंग विकत घेतलंत, तर त्यावरचा कर उलट पद्धतीने आपल्याला भरावा लागतो, हेही सीएकडून समजून घ्या.

आता घराचं आणि शहराचं. २३ सप्टेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि अंबाझरी तलाव ओसंडला. माझं काम तेव्हा अंबाझरी ले-आउटमध्ये माहेरच्या तळमजल्यावर चालायचं. पहाटे साडेतीनला बाबांच्या हाकेने जाग आली. पाणी पलंगाच्या दांडीला लागलं होतं, टेबलाखालचा सीपीयू आणि इन्व्हर्टरची बॅटरी दोन्ही बुडालेले. न्यूयॉर्कला तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ होती आणि एका ग्राहकाची साइट शनिवारी नव्या सर्व्हरवर हलवायची होती. मी आईबाबांना वर शेजाऱ्यांकडे बसवलं आणि मोबाइलवरून एका वाक्यात कळवलं: इथे पूर आहे, काम सोमवारी करीन, तुमची जुनी साइट सुरक्षित आहे. पासवर्ड पासवर्ड-मॅनेजर प्रोग्राममध्ये साठवलेले होते, बॅकअप माझ्या घरात नव्हते, म्हणून ते वाक्य खरं ठरलं. दुपारी बहिणीकडे जाऊन उसन्या लॅपटॉपवर बसले. त्या ग्राहकाने सोमवारचं काम झाल्यावर पुढच्या वर्षाची देखभाल आधीच भरली. तुमच्याकडे आज कॉम्प्युटर जळाला तर उद्या दुसऱ्याच्या यंत्रावरून काम सुरू करता येईल का, हे एकदा करून बघा. नेटचे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे जोड ठेवा. मे महिन्यात पारा ४५ वर जातो तेव्हा वीज जाणारच, इन्व्हर्टरची बॅटरी मार्चमध्येच तपासून घ्या. कॉल करताना कूलर बंद करा. त्याच्या आवाजात आपलं इंग्रजी पलीकडे पोचत नाही.

वेळेची एक सूचना. अमेरिका, कॅनडाच्या बहुतेक भागांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं बदलतात, इंग्लंडमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधल्या आठवड्यांत तुमच्या दोन ग्राहकांमधलं अंतरही बदलतं. पहिल्या वर्षी मी एका बैठकीला तासभर उशिरा पोचले. तेव्हापासून त्या चारही तारखा कालनिर्णयवर लाल शाईने लिहिते.

पुण्याच्या नोकरीबद्दल. घरच्यांची काळजी खोटी नाही. तुमच्याकडे आज सहा महिन्यांचा खर्च साठलेला नसेल आणि घरात तुमच्या पैशाची गरज असेल, तर दोन वर्षं नोकरी करा आणि हे दोन ग्राहक रविवारी सांभाळा. करारात बाहेरच्या कामाला बंदी आहे का, तेवढं आधी वाचा. गरज तातडीची नसेल, तर स्वतःला एक वर्ष द्या आणि एकच आकडा भिंतीवर लिहा: ठरलेल्या देखभालीतून महिन्याला किती येतात. माझ्याकडे आज अकरा ग्राहक आहेत, साइटच्या आकाराप्रमाणे महिन्याला ८० ते २०० डॉलर. पाचव्या ग्राहकापर्यंत पोचायला मला अडीच वर्षं लागली, पुढचे सहा त्यांनीच पाठवले. आणि घरी बसून काम करणाऱ्याला "तू घरीच आहेस ना, जरा गॅसवाल्याकडे जा" असं सगळेच सांगतात. मला बाई म्हणून जास्तच ऐकावं लागलं. आईबाबांशी कामाचे तास ठरवून घ्या आणि पहिल्या महिन्यापासून ठरावीक रक्कम एकाच तारखेला आईच्या हातात द्या. माझ्या घरी माझ्या कामाला काम म्हणायला सुरुवात झाली, ती महिन्याच्या पाच तारखेला पैसे देऊ लागल्यावर.

या आठवड्यात एक करा. कॅनडाच्या ग्राहकाची साइट नीट तपासा: फॉर्मची मेल पोचते का, बॅकअप उतरतो का, पीएचपीची (साइट ज्या भाषेवर चालते तिची) आवृत्ती जुनी आहे का, डोमेन कधी संपतं आणि ते कुणाच्या नावावर आहे. जे सापडेल ते एका पानात लिहून पाठवा, त्याचे पैसे मागू नका. शेवटी लिहा की ही तपासणी दर आठवड्याला करून महिन्याच्या एक तारखेला असाच अहवाल देईन, महिन्याचे एवढे, तीन महिन्यांचं बिल आगाऊ. तुमचा भाव डॉलरमध्येच लिहा आणि कोणते डॉलर, कॅनडाचे की अमेरिकेचे, तेही स्पष्ट लिहा.